फ्लेक्सवरची माझी चार बोटं

शाळेच्या मुलींचा कबड्डी संघ हरयाणाला स्पर्धेला निघाला, तेव्हा नाक्यावर भलामोठा फ्लेक्स लागला. वर सगळ्या मुली, मधोमध माझी लेक आणि खाली 'संघासोबत पालक' म्हणून माझी धाकटी जाऊ. फोटो कुणाच्या तरी हळदीतला. त्यात आम्ही दोघी होतो. फ्लेक्सवाल्याने मला कापलं, पण धड कापलं नाही. जावेच्या खांद्यावर माझी चार बोटं राहिली, अंगठीसकट. बायका विचारायच्या, "ह्यो हात कोनाचा गो?" मी म्हणायचे, "असंल कोनाचा तरी."

खरं तर जाणार मी होते. मुलींसोबत एक बाई पालक हवी, हे कानावर आलं त्याच दिवशी मी चाकाची बॅग आणली. नवऱ्याला भात लावायला शिकवलं. पालकसभेत साडीसुद्धा प्रवासाची नेसून गेले. खेळाचे सर म्हणाले, "मुलींनाच ठरवू दे." तर माझीच लेक उभी राहिली. "काकी येऊ दे. आई लई ओरडते."

सगळे हसले. सर खाली बघून हसले, ते मला जास्त लागलं.

आता ओरडते, हे खरं. जवळच्याच कशेळीच्या सामन्यात पंचांनी शिट्टी मारून मला मैदानाबाहेर काढलं होतं. पण मी काय शिव्या देत होते? खेळ समजावत होते, जरा मोठ्याने. जाऊ मात्र इतकं हळू बोलते, की शेजारच्या कापडाच्या लूमच्या खडखडाटात तिचं प्रत्येक वाक्य आम्ही दोनदा ऐकून घेतो.

निघायच्या दिवशी कळलं, तिच्याकडे बॅग नाही. दिराने माझी मागितली. दिली. माझी बॅग हरयाणाला, माझी बोटं फ्लेक्सवर आणि मी नाक्यावर हात हलवत उभी.

मग फोटो सुरू झाले. जाऊ संघाच्या ट्रॅकसूटमध्ये. जाऊ हातभर लांब ग्लासातून लस्सी पिताना. आणि गाडीत जावेच्या मांडीवर माझ्या लेकीचं डोकं. तो मी मोठा करून बघितला, नाटक तर नाही ना म्हणून. खरंच झोपली होती. घरी मी मांडी पुढे केली तर म्हणते, "आई, गरम होतंय."

उपांत्य सामन्याला जावेने व्हिडिओ कॉल लावला. शेवटची मिनिटं, गुण बरोबरीत, लेक चढाईला गेलेली. मी स्वयंपाकघरात तोंडावर हात दाबून गप्प बसलेले. एकदम चित्र हललं. छप्पर दिसलं, दिवे दिसले, कुणाचा तरी बूट दिसला. आणि आवाज आला, "कोपरा बघ, कोपरा! पाय काढ गो, मेले!"

शब्द माझे. सूरही माझा. पण माझं तोंड तर बंद होतं!

शिट्टी वाजली. एक पुरुषी आवाज म्हणाला, "मैडम, बाहर चलिए."

"क्यूं चलूं? मेरी बच्ची खेल रही है!"

मेरी बच्ची! मी हातातलं उलथणं ओट्यावर आपटलं.

मग दार, ऊन आणि जावेचं लालबुंद तोंड. "ताई, मना भायेर काढलं."

"ते सोड! चढाईचं काय झालं?"

"ठाऊक न्हाय. दार लावलं त्यांनी."

भिंतीपलीकडे लोक ओरडत होते, पण कुणासाठी ते कळेना. बऱ्याच वेळाने लेक बाहेर आली, डोळे पुसत. तिने फोन घेतला. "आई, हरलो गं. एका गुणाने." मग नाक ओढून म्हणाली, "पुढल्या वेळी तूच ये. काकीपरीस तू कमी ओरडतेस."

अहाहा! मी तेवढ्यावर पुढचे दिवस तरंगत काढले. संघ परत येणार त्या दिवशी नवी साडी नेसून नाक्यावर गेले. गाडी थांबली, माझी बॅग उतरली, मागून जाऊ उतरली आणि साऱ्या बायकांनी तिलाच घेरलं. "कसं काढलं गो तुला? पोलीस आलेला का?" आमची हळू बोलणारी जाऊ हातवारे करून सांगत होती, आणि लूम चालू असूनही सगळ्यांना ऐकू येत होतं.

मला राहवलं नाही. "मना पन काढलंय," मी मध्येच म्हटलं. "कशेळीला."

एका बाईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "हां गो. पन हिला हरयाणातून काढलंय ना," म्हणाली आणि परत जावेकडे वळली.