सासूच्या आधी जेवण

पती टेकचंद गेले आणि कारध्याच्या शोभाताईंची अन्नावरची वासनाच उडाली. डॉक्टरांना तपासणीत काही सापडलं नाही. सून हर्षा रोज त्यांना आधी वाढायची, "जेवा ना जी, आई," म्हणत समोर बसायची. घास काही उतरत नसे.

एका दुपारी हर्षालाच भूक अनावर झाली. चोरी केल्यागत ती आधी जेवली आणि अंगणात हात धुऊ लागली. ते पाणी वाजलं तशा शोभाताई आतून म्हणाल्या, "वाढ वं मले. आता लागली भूक."

त्या जन्मभर घरच्या सगळ्यांचे हात धुऊन झाल्यावरच जेवल्या होत्या. बिचाऱ्या भुकेला दुसरी वेळच ठाऊक नव्हती.

तेव्हापासून हर्षा आधी जेवते. हात धुताना पाणी मात्र जरा उंचावरून ओतते.