न वाकणारी सून

माझा आजार दिसत नाही, हीच सगळी पंचाईत आहे. मणक्यांचा संधिवात. सकाळी पाठ लाकडासारखी ताठ झालेली असते, आणि वाकायचं म्हटलं की कमरेतून जी कळ निघते ती थेट टाचेपर्यंत. वरून बघाल तर मी ठणठणीत. सोलापुरात सात रस्त्याजवळ ऑफिसला जाते, चार लोकांत हसते-बोलते. मग लोक मायेनं सल्ले देतात. डिंकाचे लाडू खा, योगा कर, मोबाईल कमी बघ. एकीनं तर विचारलं, "एवढ्या वयात कसलं गं दुखणं?" जसं काही दुखणं वय विचारून येतं!

लोकांचं मी मनाला लावून घेत नाही. आत्याबाईंचं मात्र लागलं. आत्याबाई म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. त्याची आई तो लहान असतानाच गेली. करमाळ्याजवळच्या गावात ह्या आत्यानंच त्याला वाढवलं, त्यामुळे माझी सासू म्हणाल तर त्याच. गेल्या वर्षी घरातल्या एका लग्नात सगळ्या सुना त्यांच्या पाया पडल्या. माझी पाठ त्या दिवशी अजिबात ऐकेना. मी उभ्यानंच हात जोडले. त्यांनी पाय लुगड्याखाली ओढून घेतले आणि भरल्या मांडवात म्हणाल्या, "शिकलेली सून हाय. ती कशाला वाकंल?"

नवऱ्यानं परोपरीनं समजावलं, पण त्यांचं एकच, "पाया पडायला कसला आडवा येतोय आजार?" त्यानंतर त्या आमच्याकडं यायच्याच बंद झाल्या. नवरा मला एका शब्दानं बोलला नाही. पण दिवाळीत दाराकडं बघत बसायचा, ते मला बघवायचं नाही. माझ्यामुळं त्याची आई तुटली, हेच डोक्यात फिरायचं.

यंदा त्यांना मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन सोलापुरात, म्हणजे मुक्काम शुक्रवार पेठेत आमच्याकडं. आल्या, पण माझ्याशी बोलणं कामापुरतंच. डॉक्टरांनी बजावलं होतं, काही दिवस खाली वाकायचं नाही. काळा चष्मा लावून त्या खुर्चीत बसायच्या, आणि अख्खी गल्ली येऊन "मावशी, जपा हं" म्हणून जायची. खरं सांगते, मला त्या चष्म्याचा हेवा वाटला.

एका दुपारी त्यांच्या हातातनं मिश्रीची डबी निसटून खाली पडली. घरात आम्ही दोघीच. "दे की गं उचलून," त्या म्हणाल्या. आता नाही कसं म्हणायचं? मी भिंत धरली, गुडघा टेकायला गेले आणि मध्येच अशी कळ आली, की तोंडातून "आई गं" निघून गेलं. ना खाली जाता येईना, ना वर. आत्याबाईंनी चष्मा काढला, उठून आल्या, दंडाला धरून मला हळूहळू सरळ केलं.

"लई दुखतंय व्हय गं?"

सल्ला नाही, शंका नाही. असं मला कुणी विचारलंच नव्हतं. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडले. त्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, अगदी हलक्या हातानं. मग दोघींचं लक्ष डबीकडं गेलं. ती आपली तिथंच. "आता हिला उचलायची कुनी?" आत्याबाई म्हणाल्या, आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत सुटलो. नवरा घरी येईपर्यंत डबी तिथंच पडून होती.

संध्याकाळी चहा पिताना त्या म्हणाल्या, "तुजं काय दुखतंय ते मला कळत न्हाय बग. पर दुखतंय, ते दिसलं."

गावी जायच्या दिवशी रिक्षा दारात येऊन उभी राहिली. जिन्याच्या पायथ्याशी मी त्यांना कुंकू लावलं, हात जोडले आणि ओशाळून मान खाली घातली. आत्याबाई वळल्या आणि परत जिना चढायला लागल्या.

"आत्या, काय राहिलं गं?" नवरा रिक्षातनं ओरडला.

त्या पाच-सहा पायऱ्या वर जाऊन, कठडा धरून, माझ्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या. लुगडं जरा वर उचललं. त्यांची पावलं माझ्या छातीपर्यंत आली होती.

"पड की आता पाया," त्या म्हणाल्या. "पुरतोय का हात? का आनकी एक पायरी चढू?"