चार दगडी कोल्हे
साखर कारखान्याच्या मळीचा वास आला की मला ते कोल्हे आठवतात. लहानपणी एकदा पाथर्डीच्या घरी भर दुपारी मी कॉम्प्युटरवर सामुराईचा गेम खेळत होतो. देवळाचं दार उघडायला अंगणातल्या चार दगडी कोल्ह्यांची तोंडं मावळतीकडे फिरवायची होती. कोल्ह्यांच्या गळ्यात लाल फडकी होती. ती बघून मागे बाजरी पाखडणारी आई म्हणाली, "देवाचं त्वांड फिरवू नगं रं. दादा वाटंत हायेत." दादा म्हणजे माझे वडील, ट्रॅक्टरला उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याला गेलेले. "ते देव न्हाईत गं," म्हणत मी चौथा कोल्हा फिरवला. दगड घासला, दार करकरलं आणि लाईट गेली. आईने दादांना फोन लावला, तो बंद. पुन्हा लावला, तरी बंद. काळ्या स्क्रीनकडे बघत आम्ही दोघं बसून राहिलो. दिवस मावळता दादा आले, अंगाला मळीचा वास, मोबाईलची बॅटरी उतरलेली. लाईट आल्यावर गेम लावला, तर देवळाचं दार उघडंच होतं. मी आत गेलो नाही. एकेक कोल्हा होता तसा फिरवला आणि दार मिटेपर्यंत हललो नाही. आज मी त्याच रस्त्याने कारखान्यात कामाला जातो. त्या देवळात काय होतं, ते मला अजून माहीत नाही.