पाण्याच्या कडेची काठी

ती घटना आठवली की आजही मी आधी स्वतःलाच दोन शिव्या घालते. पोलीस खात्यात उभा जन्म गेला, नातवंडांना मी मोठी बहाद्दर वाटते. पण नदीकाठी रोवलेली एक काठी उपटून मी जो मूर्खपणा केला, तो त्यांना अजून सांगितलेला नाही.

तेव्हा मी सातपुड्यातल्या एका ठाण्याची प्रभारी होते. बढती ताजी, डोक्यावरची खाकी टोपी नवी, त्यामुळे मान जरा ताठच. दुपारी नंदुरबारहून एका बाईंचा फोन आला. त्यांची मुलगी, जावई आणि सहा वर्षांची नात सकाळीच स्वतःची गाडी घेऊन नर्मदेच्या जलाशयातलं वाळूचं बेट बघायला गेली होती. बाई रडत होत्या, "मॅडम, मन्ही पोरना फोन कोन्ही तरी म्हातारा उचली ऱ्हायना! काय बोलस ते समजत नही!"

स्टेशन डायरीला नोंद केली, दोन हवालदार घेतले आणि निघाले. रस्ता संपतो तिथं गाडी उभी होती, कुलूपबंद. काचेतून सीटवरचा कागद दिसला. सुवाच्य अक्षरात सहलीचा बेत: अकराला किनारा, बारा ते चार बेट, पोहे, मुलीची टोपी. शेवटी, 'होडीवाला तिथंच बघू.'

काठावर होडी बांधलेली. शेजारी एक म्हातारा, मांडीवर बाईची पर्स, पर्समध्ये फोन वाजतोय. बेट वळणाआड, दिसत नव्हतं. झालं! माझ्या लेखी गुन्हा उघडकीस आला होता. तिथली भिली बोली जाणणाऱ्या एकमेव हवालदाराला मी झुडपं तपासायला पिटाळलं आणि चौकशी स्वतः सुरू केली, शुद्ध मराठीत. आपटायला टेबल नव्हतं, म्हणून पाण्याच्या कडेची काठी उपटली आणि होडीवर हाणली.

म्हातारा ओरडत उठला, पाण्याकडे हात करू लागला.

"पळायचं बघतोस? बस खाली!"

अर्धा तास हाच तमाशा. माझ्या बुटांना पाणी लागलं, तर बाईसाहेबांनी फक्त बूट मागे घेतले!

हवालदार परतला. म्हाताऱ्याची दोन वाक्यं ऐकली आणि त्याचा चेहरा उतरला. "मॅडम, वरच्या धरणातून पाणी सोडलंय. काठीला पाणी लागलं, की चारची वाट न बघता हा माणसं आणायला जातो. फोन भिजतील म्हणून पर्स त्या बाईनंच ठेवायला दिली. काठी कुठंय?"

काठी माझ्या हातात होती.

म्हातारा वल्ही मारत होता, मागे हवालदार. मी नुसती बसून. वळण ओलांडलं, तर बेट नव्हतंच. कमरेएवढ्या पाण्यात नवरा-बायको एकमेकांना धरून उभी, त्याच्या खांद्यावर पोरगी. तिच्या डोक्यावर टोपी तेवढी बेताप्रमाणे होती.

तिघंही सुखरूप आली. खोटं बोलणारा अधिकाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहतो. हा म्हातारा सगळा वेळ पाण्याकडे बघत होता. एवढं साधं मला दिसलं नाही. तेव्हापासून समोरचा काय बोलतो याच्या आधी तो कुठे बघतोय, हे मी बघत आले.

काठावर उतरल्यावर मी काठी होती तिथं रोवली आणि माफी मागितली. त्यानं ती पुन्हा उपटली, दोन हात वर नव्या कडेला रोवली आणि माझ्या खाकी टोपीकडे बोट दाखवून, हवालदाराला शब्द विचारत, मोडक्या मराठीत म्हणाला,

"बाई, मी तुझ्या टोपीला हात लावला का?"