दगडफुलाशिवाय

श्यामलाबाई दांडेकरांनी सदाशिव पेठेतल्या एका शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला आणि बेचाळीस वर्षं घरचा मसाला घरीच केला. अभिमान त्यांना दुसऱ्या गोष्टीचा जास्त. एप्रिल लागला की मिरच्या, धने, हळकुंडं गच्चीवर वाळायची. गोडा मसाला मात्र त्या स्वयंपाकघराचं दार लावून एकट्या भाजायच्या. शेजारणीने प्रमाण विचारलं तर म्हणायच्या, प्रमाण लिहून देते, पण नाक कुठून आणाल? पुन्हा सहसा कोणी विचारत नसे.

त्यांचे यजमान सुदर्शनराव विमा कंपनीतून निवृत्त झालेले, मितभाषी. जेवणाला नावं ठेवायची नाहीत आणि कौतुकही करायचं नाही, अशी त्यांची रीत. आमटी जमली असली की न बोलता वाटी पुढे करायचे. श्यामलाबाईंना तेवढं पुरे होतं.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत सुदर्शनरावांचे डोळे पिवळे पडले. कावीळ समजून तपासायला नेलं, तर स्वादुपिंडात गाठ निघाली, तीही पसरलेली. मुलगा सलिल वारज्याहून आला. बाप आत तपासणीला गेलेला, हा बाहेर बाकावर फोनमध्ये डोकं घालून बसलेला. बऱ्याच वेळाने मान वर करून म्हणाला,

"आई, हळकुंडांना रंग चोळतात, मिरच्यांवर औषध मारतात. इतकी वर्षं तू सुट्टा माल आणून बाबांना घातलास. एकदा तरी तपासून घेतलास?"

सलिल उठून चहा आणायला गेला. येताना त्यांच्यासाठीही घेऊन आला, साखर कमी, त्यांना लागतो तसा. आपण काय बोललो हे तो तोवर विसरलाही होता.

एकदम सगळं टाकून देणं त्यांच्या हातून होणारं नव्हतं. मग जी बरणी संपेल तिच्या जागी सेंद्रिय आणायचं, असं त्यांनी ठरवलं. आधी हळद बदलली. फिकी होती, दुप्पट घालावी लागे. मग तिखट, मग धने-जिरे, मोहरी, हिंग. सून स्पृहा दुकानं सुचवायची, त्या चष्मा लावून पाकिटावरचा शब्दन् शब्द वाचायच्या. प्रमाणपत्राचा क्रमांक नसला तर वस्तू परत. दुकानदार कंटाळायचा. इतक्या वर्षांत जे तपासलं नाही ते त्या आता एकेका पाकिटावर तपासत होत्या.

राहिला गोडा मसाला. त्यातलं सगळं सेंद्रिय मिळालं, फक्त दगडफूल मिळेना. प्रमाणपत्र असलेलं पाकीट कुठेच नव्हतं. शेवटी त्यांनी दगडफुलाशिवायच मसाला केला. भाजतानाच त्यांना कळलं की हा आपला नव्हे. तरी भरून ठेवला. जुना दोनेक वाट्या उरला होता तो वरच्या फळीवर, मागे.

सुदर्शनराव मुकाट्याने जेवत होते, पण वाटी काही पुढे येत नव्हती. मार्चमध्ये एका दुपारी ते हळूच म्हणाले,

"अगं, आमटी आपली लागत नाही. जुना मसाला उरलाय का थोडा?"

"संपला," श्यामलाबाई म्हणाल्या.

ते बरं म्हणाले आणि ताकभात कालवून घेतला. संध्याकाळी श्यामलाबाईंनी स्टुलावर चढून तो मसाला काढला आणि ओल्या कचऱ्यात उलटा केला. ठेवला तर आपल्याच्याने राहवणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

एप्रिलच्या तपासणीला सलिलला सुट्टी नव्हती. नवऱ्याला रिक्षात बसवून त्या एकट्याच परत आत गेल्या आणि डॉक्टरांना विचारलं, माझ्या मसाल्याने झालं का हे? डॉक्टरबाई तरुण होत्या, पण बोलल्या नीट. म्हणाल्या, तसं म्हणायला काहीही आधार नाही, कोणी घातलं हे तुमच्या डोक्यात? आणि आता पथ्य कसलं, त्यांना आवडेल ते करून घाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच श्यामलाबाई मंडईजवळच्या जुन्या दुकानात गेल्या. दगडफूल मागताना त्यांच्या तोंडून निघून गेलं की याचं सेंद्रिय कुठे मिळत नाही. दुकानदार हसला. "बाई, हे झाडाखोडांवर आपलं आपण उगवतं. याच्यावर औषध मारायला जंगलात जातंय कोण?"

घरी येऊन त्यांनी मसाला भाजला, दार उघडं टाकून. चिंच-गुळाची आमटी केली. सुदर्शनरावांना उशीला टेकवून बसवलं आणि चमच्याने भरवली. तोवर त्यांचं तोंड आलेलं होतं. दोन चमचे त्यांनी गिळले, तिसऱ्याला हाताने थांबवलं.

"छान असेल," ते म्हणाले. "मला चव कळत नाही आता."

नऊ दिवसांनी ते गेले.

तेराव्याला पंगत उठल्यावर सलिल आईजवळ येऊन बसला. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते. म्हणाला, शेवटचे तीन महिने तरी बाबांच्या पोटात शुद्ध अन्न गेलं, तेवढं तू केलंस.

"हो," श्यामलाबाई म्हणाल्या. "शुद्ध उपाशी गेले."

त्याला वाटलं, दुःखाने बोलते आहे. त्याने त्यांचा हात हातात घेतला, त्यांनी घेऊ दिला.

तो अजून दर रविवारी येतो, औषधं बघतो, नळाचा वायसर बदलून देतो. मुलगा वाईट नाही. डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते श्यामलाबाईंनी त्याला आजतागायत सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो पायाशी बसून रडेल, माफी मागेल. आणि मग माफ करावं लागेल.