अण्णांचं कपाळ

अंदमानात दुसऱ्या बेटाकडे निघालो आणि वाटेत समुद्र खवळला. बोट लाटेवर चढायची आणि धाडकन खाली आदळायची. शेजारी माझे वडील, अण्णा, घामाने डबडबले होते.

"मला काही होत नाही," ते म्हणाले आणि लगेच पिशवीत ओकले.

मी पटकन त्यांचं कपाळ धरलं. लहानपणी माझं कपाळ आई धरायची. अण्णांना माझा हात लागायचा तो फक्त वाकून नमस्कार करताना. कपाळ थंडगार होतं, आणि किती लहान! एवढं जवळ यायला आम्हाला समुद्र खवळावा लागला.

पुढची लाट आदळली. डोळे मिटूनच त्यांनी माझा दंड धरला आणि विचारलं, "आहेस ना रे?"

"आहे, अण्णा."

धक्क्यावर उतरताच त्यांनी शर्ट सारखा केला. माझा दंड मात्र सोडला नाही.