फ्रीजच्या दारातली बाटली
शेजारच्या कपाशीवर फवारणी सुरू झाली, की त्या उग्र वासानं माझे हात आजही गार पडतात. मंठ्याजवळच्या आमच्या घरात सासूबाईंना पसारा अजिबात खपत नसे. दिवेलागणीच्या आत प्रत्येक वस्तू आपल्या जागी गेलीच पाहिजे. एकदा मी शेतातून आले, तर ओसरीचा कोपरा लख्ख झाडलेला. तिथं नवऱ्यानं फवारणीचं उरलेलं औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवलं होतं. "आई, इथली बाटली कुठंय?" मी सासूबाईंना विचारलं. "पडेल होती, मंग फ्रीजमधी ठेवली. सरबतच हाय ना ते?" आत खाटेवर माझी लेक झोपलेली आणि उशाशी रिकामा ग्लास. मी धावत आत गेले. तिला गदागदा हलवलं, तिचं तोंड हुंगलं. "काय पेलीस? बोल जल्दी!" "ताक पेले," ती रडत म्हणाली. फ्रीजच्या दारात पाण्याच्या बाटल्यांशेजारी ती बाटली नीट उभी होती, झाकण तसंच घट्ट. सासूबाई मटकन खाली बसल्या. मी पाणी दिलं, तर त्यांनी ते आधी हुंगलं. त्या दिवसापासून आवरताना त्या एकेका वस्तूपाशी थांबून मोठ्यानं विचारायच्या, "हे कुणाचं हाय?" आता त्या नाहीत. संध्याकाळी आवरताना मीही तसंच विचारते, घरात एकटी असले तरी.